सावली, पाणी आणि काळी गाडी

उन्हाळ्यात घराबाहेर गाडी धुवायची, तर तीन गोष्टी एकाच वेळी हाताशी असाव्या लागतात: सावली, गोडे पाणी आणि थंड पत्रा. गाडीच्या शॅम्पूच्या बाटलीवर ही सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि ती लिहिणाऱ्याने एप्रिल-मे महिन्यांत बेळगावात पाऊल ठेवलेले नाही, असा माझा पक्का समज झाला आहे. आमच्या वडगावात या तिघांपैकी दोघे हजर असले, की तिसरा हमखास रजेवर असतो.

आमच्या शहराला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री पांघरूण शोधावे लागते, हे खरे आहे. परंतु हे महाबळेश्वर सकाळी अकरा ते दुपारी चार बंद असते, ही गोष्ट पाहुण्यांना कोणी सांगत नाही. त्या पाच तासांत पारा कधी कधी 37-38 अंशांपर्यंत जातो, आणि तो सावलीतल्या हवेचा असतो. काळ्या गाडीच्या बॉनेटचा हिशेब निराळा आहे. ते उन्हात तापून सहज 60 अंशांच्या पुढे जाते. आमची गाडी काळी आहे. हा रंग घरातल्या सर्वांच्या एकमताने ठरला, त्या सर्वांत मला धरलेले नव्हते इतकेच.

प्रथम सावलीचे पाहू. आपण जवळजवळ 16 अक्षांशावर राहतो, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच गडप होते, आणि विज्ञानाची आवड असलेली मंडळी ती पाहण्यासाठी मुलांना अंगणात गोळा करतात. कंपाउंडच्या भिंतीच्या आडोशाने गाडी धुणाऱ्याला मात्र या चमत्काराचे कौतुक वाटत नाही. उरतो तो रस्त्यापलीकडचा आंबा. त्याची सावली गार आणि दाट आहे, पण तिचे भाडे जबर आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे वरून चिकट गोड रस शिंपडतात. कैऱ्या आल्या, की देठाचा चीक टपकतो. आणि साळुंक्या-कावळे तर बारमाही भाडेकरू. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, उन्हाने तो सैलावलेला असतो, आणि त्यावर ती विष्ठा वाळून बसली, की खाली कायमचा खड्डा पडतो. सावलीत लावलेली गाडी उन्हातल्या गाडीपेक्षा अधिक घाण का होते, हे कोडे असे सुटते.

पाण्याची कथा याहून करुण आहे. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने आणि स्वतःच्या लहरीने येते. शिवाय राकसकोप जलाशयाची पातळी किती उतरली, हे उन्हाळ्यात वर्तमानपत्रात वाचल्यानंतर त्या पाण्याचा पाइप गाडीच्या चाकावर धरण्याइतके निर्ढावलेपण माझ्याजवळ नाही. मग बोअर चालू करायची. आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे, की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. तापलेल्या पत्र्यावरचा थेंब फडके पोहोचण्यापूर्वीच उडून जातो आणि मागे क्षारांचे पांढरे कडे ठेवून जातो. जवळून पाहिले, तर त्या कड्याची कडा जाड आणि मध्य विरळ दिसतो. लांबून पाहिले, तर काळ्या गाडीला देवी आल्यासारखे दिसते.

गाडी धुण्याचे शास्त्र मात्र पक्के आहे आणि ते मी निष्ठेने पाळतो. चाके सर्वांत घाण, म्हणून ती आधी उरकायची. त्यानंतर टपापासून खाली यायचे. बादल्या दोन हव्यात, एक शॅम्पूची आणि दुसरी साध्या पाण्याची, म्हणजे फडक्यातली वाळू दुसऱ्या बादलीत बुडते आणि रंगावर ओरखडे उठत नाहीत. एका वेळी एकच भाग धुवायचा आणि पुसूनच पुढे सरकायचे. शास्त्र एवढेच सांगते. उन्हात प्रत्यक्षात असे होते, की डावे दार खळबळून मी फडके घ्यायला वळतो, तेवढ्यात टपावरून ओघळलेला फेस मागच्या काचेवर वाळतो. तो भिजवायला धावावे, तर डावे दार कोरडे होऊन त्यावर ती कडी उमटलेली असतात. हा पाठशिवणीचा खेळ गाडीभोवती चालतो आणि गाडी त्यात हरत नाही.

खेळ म्हटला, की प्रेक्षक आलेच. शेजारचे अप्पा गेटवर हात टेकून चौकशी करतात, “काय रे, गाडी धुवायलास काय?” हातात पाइप, पायाशी बादली आणि अंगावर फेस असलेल्या माणसाला या प्रश्नाचे दुसरे काय उत्तर सुचणार? “होय की, अप्पा,” म्हणावे लागते. “आणि कशाला धुवायलास? आज वळीव येतोय बघ.” सल्ले यानंतर सुरू होतात: चाकांना रॉकेल, काचेला जुने वर्तमानपत्र, पत्र्याला भांड्यांचा साबण. हा शेवटचा सल्ला तेवढा विषारी आहे, कारण भांड्यांचा साबण ओशटपणा काढण्यासाठीच जन्मलेला असतो आणि गाडीवरचे मेणही तो त्याच निष्ठेने काढून टाकतो. एवढे सगळे मी अप्पांना समजावून सांगितले. “मग मेण लावायचंच कशाला?” असे त्यांनी विचारले.

क्षारांच्या कड्यांवर उपाय व्हिनेगर आहे. गोबी मंचुरीसाठी ठेवलेली बाटली सौभाग्यवतींच्या नजरेआड उचलावी, तितकेच पाणी मिसळावे, फडके भिजवून डागावर मिनिटभर धरावे. सौम्य आम्लाने क्षार विरघळतात आणि कडे खरोखर जाते. नंतर मात्र पत्रा स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो, आणि धुवायला हाताशी तेच बोअरचे पाणी असते. या चक्रातून सुटण्यासाठी मी नळाच्या पाण्याची एक बादली झाकून ठेवू लागलो. शेवटचे धुणे तेवढ्याच पाण्याने करायचे आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यायचे.

राहता राहिली वेळ. पहाटे पत्रा थंड असतो, सावली गावभर फुकट असते आणि वाराही पडलेला असतो. एवढी अनुकूलता पाहून मी उजाडण्यापूर्वीच बादल्या मांडल्या आणि गाडी मनासारखी धुऊन घेतली. त्याच क्षणी गल्लीतल्या सर्व अंगणांत खराटे फिरू लागले. आमच्याकडची माती तांबडी, जांभ्या दगडाची; ती उडते तेव्हा ढगासारखी तरंगते आणि उतरते तेव्हा ओला पत्रा शोधून उतरते. गल्ली झाडून होईपर्यंत थांबावे, तर सूर्य आंब्याच्या वर आलेला असतो. त्यामुळे मी आता रात्री गाडी धुतो. दिव्याखाली डाग दिसत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा आहे.

अशाच एका रात्री मी कार्नोबा मेण लावले. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर उन्हापासून बचाव म्हणून जमणारे हे मेण. बेळगावच्या उन्हाशी टक्कर द्यायला ते योग्य वाटले. पातळ थर द्यायचा, धुरकट झाला की मऊ फडक्याने उतरवायचा. सकाळी गाडी अशी चकाकत होती, की अप्पांनी तिच्या दारात बघून भांग पाडला. दुर्दैवाने हीच चकाकी साऱ्या भाऊबंदकीच्या डोळ्यांत भरली आणि निपाणीच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून जाईल, असे परस्पर ठरले.

सजवणारा पोरगा झेंडूच्या माळा आणि चिकटपट्टी घेऊन आला. बॉनेटवर त्याने पट्टी दाबली, माळ अडकवली आणि मागे सरून पाहिले, तोवर माळ घसरून नंबरप्लेटवर लोंबू लागली. त्याने पुन्हा दाबली, ती पुन्हा घसरली. शेवटी त्याने बॉनेटवरून बोट फिरवून नाकाशी धरले आणि माझ्याकडे संशयाने पाहिले.

“ह्याच्यावर मेण कुणी थापलंय हो? पट्टी बसेना की.”

मी छाती फुगवून काही बोलणार, तोवर तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळला होता. “वहिनी, भांडी घासायचा साबण द्या की जरा!”