अँजी स्टोनचं नाव हिप-हॉपच्या पहिल्या पानावरच हवं

अँजी स्टोनचा विषय निघाला की ‘निओ सोल’ (नव्वदच्या दशकात नव्याने घडलेलं सोल संगीत) गायिका म्हणतात आणि दुसऱ्या वाक्यात तिच्या एके काळच्या जोडीदाराचं, गायक डी'अँजेलोचं नाव येतं. मला हे मनापासून खटकतं. ‘ब्राउन शुगर’ आणि ‘वूडू’ या त्याच्या दोन्ही गाजलेल्या अल्बमांच्या गीतलेखनात तिचा वाटा आहे. तो विचारात घेतला, तर कोणाची ओळख कोणावरून करून द्यायची हेही एकदा तपासायला हवं.

पण माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. साल १९७९, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिनातलं कोलंबिया. चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गात वाढलेली अँजेला ब्राउन, म्हणजे आपली अँजी, आणि तिच्या दोन मैत्रिणी, शेरिल कुक आणि ग्वेंडोलिन चिझम. गावात शुगरहिल गँग या रॅप ग्रुपचा कार्यक्रम होता. या तिघी थेट स्टेजमागे गेल्या आणि शुगर हिल रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुख सिल्व्हिया रॉबिन्सनला तिथेच गाऊन दाखवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द सीक्वेन्स’ या नावाने त्यांची रेकॉर्ड बाजारात आली, ‘फंक यू अप’. मुलींच्या ग्रुपने केलेल्या रॅपच्या अगदी पहिल्या रेकॉर्डांपैकी ही एक. अँजी तेव्हा जेमतेम अठराची!

आणि या मुली न्यूयॉर्कच्या नव्हत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हिप-हॉपचा इतिहास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागापासून सुरू होतो, ते बरोबरच आहे. पण अमेरिकेच्या दक्षिणेला या संगीतात मान मिळायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं, असं जेव्हा सांगतात, तेव्हा या तिघी कुठे गायब होतात? १९९५ मध्ये रॅपर-निर्माता डॉ. ड्रेने त्यांच्याच गाण्यातली ओळ उचलून हिट गाणं केलं. ते ऐकणाऱ्या किती जणांना मूळ आवाज ठाऊक होते?

मधल्या काळात अँजी व्हर्टिकल होल्ड या ग्रुपमध्येही होती. पहिला सोलो अल्बम ‘ब्लॅक डायमंड’ आला १९९९ मध्ये, म्हणजे पहिल्या रेकॉर्डनंतर तब्बल वीस वर्षांनी. पुढे २००१ मध्ये ‘महॉगनी सोल’. त्यातलं ‘विश आय डिडन्ट मिस यू’ हेडफोन लावून ऐका. पाया आहे ओजेज या सोल ग्रुपच्या ‘बॅक स्टॅबर्स’ या गाण्याचा, सत्तरच्या दशकातला. त्यावर तिचा जाड, खालच्या पट्टीतला आवाज येतो. ती तालाच्या किंचित मागे राहते, शब्द बोलल्यासारखे टाकते आणि नेमक्या जागी सूर उचलते. माझ्या मते ही रॅप करणाऱ्या बाईची लय आहे. नुसत्या गाण्याच्या तालमीतून ती येत नाही. सोल गाताना तिने हिप-हॉप सोडलंच नव्हतं.

१ मार्च २०२५ ला अलाबामातल्या मोबिलचा कार्यक्रम करून परतताना व्हॅनच्या अपघातात ती गेली. वय ६३. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डी'अँजेलोही गेला. दोघांच्या मुलाने एका वर्षात आई आणि वडील दोघेही गमावले.

तीन ग्रॅमी नामांकनं मिळाली, ग्रॅमी एकही नाही. त्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. राग येतो तो हिप-हॉपच्या पन्नाशीच्या गप्पांत तिचं नाव कोणीतरी आठवण करून द्यावं लागतं, याचा. रॅपमधल्या बायकांची यादी करणाऱ्यांनी ती १९७९ पासून करावी आणि त्यात या तिघींची नावं पूर्ण लिहावीत.