फरसबी-चीज बेकच्या वर्गाबद्दल तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभार. एका साइड डिशवर अख्खा वर्ग गेला, फरसबी दाताखाली लागत होती, चीजला तार सुटली नाही आणि मश्रूम सूपचा तयार डबा घेतला असता तर अर्ध्या तासात उरकलं असतं, असं तुमचं म्हणणं आहे.

डब्याचं आधी सांगते. हा पदार्थ मुळात डब्यातूनच आला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तो बसवला: फरसबी, डब्यातलं मश्रूम सूप आणि वरून तळलेला कांदा. त्यामुळे डबा वापरणाऱ्यांना मी कधीच नावं ठेवत नाही. पण आमचा वर्ग सगळं हाताने करायचा आहे, आणि शिकण्यासारखं जे आहे ते डब्यातल्या सूपऐवजी आपण करतो त्या सॉसमध्येच आहे.

बटर आणि मैदा सारख्याच चमच्यांनी घेऊन कच्चा वास जाईपर्यंत मंद आचेवर परतायचा, रंग चढू द्यायचा नाही, मग दूध थोडं थोडं घालत घोटायचं. याला घाई चालत नाही. मश्रूमला तर अजिबातच नाही. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते पॅनमध्येच आटवलं नाही तर ओव्हनमध्ये सुटतं आणि खाली पाण्याचं तळं साचतं. तुम्हाला लांबलेला वाटला तो वेळ बहुतेक इथेच गेला, आणि पुढच्या वर्गातही मी तो कमी करणार नाही.

चीज घालताना गॅस बंद का करायला लावला, तेही सांगते. उकळत्या सॉसमध्ये त्यातली प्रथिनं आक्रसतात, तेल वेगळं होतं आणि सॉस रवाळ लागतो. पाकिटातलं किसलेलं चीजही याच कारणासाठी नको म्हटलं: कीस चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते, तो नीट एकजीव होत नाही. तार हवी असेल तर मॉझरेला लागतं, पण सॉसमध्ये त्याचे गोळे होतात आणि चवही फिकी पडते. मुरलेल्या चेडारला तार कमी, पण चव भरपूर. मी चवीच्या बाजूने आहे.

आता फरसबी. ती कच्ची नव्हती. कच्च्या शेंगेत लेक्टिन नावाचं, पोट बिघडवू शकणारं प्रथिन असतं, ते खळखळत्या पाण्यात निष्प्रभ होतं, म्हणून नुसत्या ओव्हनच्या भरवशावर मी ती सोडत नाही. मिठाच्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं, झाकण न ठेवता, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. झाकण ठेवलं की भाजीतली आम्लं वाफेबरोबर निघून न जाता भांड्यातच राहतात आणि हिरवा रंग मळकट होतो. त्यानंतर २०-२५ मिनिटं बेक होणारच असते, तेवढा कणखरपणा आधी राखावा लागतो.

तुम्हाला मऊ आवडत असेल तर पाण्यात दोन-तीन मिनिटं जास्त ठेवा, पण ओव्हनचा वेळ वाढवू नका. तिथे सॉस फाटेल. कांदा शेवटच्या पाच मिनिटांतच पसरा, आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटं ट्रेला हात लावू नका, सॉस तेवढ्यात आळतो. घरी करताना कुठे अडलं तर वर्गाच्या नंबरवर फोन करा, मी स्वतः बोलेन.