बिनविरोध झालं, पण एकमत कुठे होतं?

मागच्या खेपेला आमची ग्रामपंचायत बिनविरोध झाली. गुलाल उधळला, पेढे वाटले. 'गावाने आदर्श घालून दिला' असं स्टेटस मीही ठेवलं होतं. ते चुकलंच माझं.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी मी देवळात होतो. आमच्या भावकीतल्या एका काकूंनी अर्ज भरला होता. जाणती मंडळी म्हणाली, "गावासाठी एवढं करा." कुणी दमदाटी केली नाही, आवाजही चढवला नाही. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या आणि दुपारी तहसीलला जाऊन अर्ज मागे घेऊन आल्या. तुम्हाला उभं का राहायचं होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्यांना विहिरीबद्दल बोलायचं होतं. पाणीपुरवठ्याची नवी विहीर ओढ्याकाठी घ्यायचं चाललं होतं. शेजारीच काकूंचं रान, आणि त्यांची विहीर होळीनंतर तळ गाठते. ग्रामसभेत "कुणाची हरकत?" असं विचारलं, माना हलल्या, इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं गेलं. आता मार्चपासून टँकर. परवा टपरीवर वायरमन म्हणाला, त्यालाही तेव्हाच शंका होती. मग बोलला का नाहीस? "सगळे हो म्हणत होते, मी एकट्यानं कशाला मोडता घालू?" तिथे बसलेल्या आणखी दोघांचंही हेच. म्हणजे काकू धरून शंका चौघांना होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच!

निवडणुकीने भावकी फुटते, बांधावरची भांडणं घरात येतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. बिनविरोधची ओढ खोटी नाही. पण तिची किंमत कुठवर जाते बघा. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथली निवडणूकच राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण बिनविरोधच्या नावाखाली पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, तीही मंदिराच्या कामासाठी. पैसा देवाच्या नावाने आला की नाही म्हणायला तोंड कुणाचं उघडणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रामसभेत ज्याला पटलेलं नाही त्याला आधी बोलू द्या आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात नावानिशी लिहा. ठराव नंतर बहुमताने होऊ दे की.

काकू या वेळी पुन्हा अर्ज भरणार आहेत. तहसीलला त्यांच्यासोबत मी जाणार आहे.