साडेपाचची उबळ

पहिली उबळ आली ती सोसायटीच्या गणपतीसमोर, आरतीत सगळे आवाज चढवतात नेमक्या त्या जागी. टाळ थांबले, झांजा थांबल्या, मी थांबलो नाही. "गुलाल गेला घशात," तळमजल्यावरचे काका म्हणाले. गुलालाची पिशवी अजून फुटायची होती, ती विसर्जनाला फुटणार होती. पण निदान इतक्या ठामपणे झालं होतं की मीही मान हलवली.

पुण्यात खोकणाऱ्याची गैरसोय होत नाही, निमित्त कायम हजर असतं. गणपतीत गुलाल आणि पथकांनी उडवलेली धूळ, नवरात्रात धूप, दिवाळीत फटाके, डिसेंबरात थंडी, आणि या सगळ्याच्या मधल्या फटींत खणलेले रस्ते. माझा खोकला भाद्रपदात सुरू झाला आणि मार्गशीर्ष आला तरी होता. दर महिन्याला लोक जुनं निमित्त काढून घेत आणि नवं देत.

खोकला कोरडा. कफ नाही, ताप नाही, नाक वाहत नाही. घशात मागच्या बाजूला कुणीतरी मोरपीस फिरवायला लागायचं, मी दोन मिनिटं आवंढे गिळून त्याला दाद द्यायचो नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला ढास लागायची ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दिवसभर किरकोळ विक्री, आणि पहाटे साडेपाचला एक घाऊक उबळ. आमची सोसायटी कोथरूडातली, जुनी, भिंतींना काही लपवायची सवय नसलेली. "बरोब्बर साडेपाचला असता तुम्ही," काका मला जिन्यात म्हणाले. "आकाशवाणीसारखे." तक्रार होती की कौतुक, ते कळलं नाही.

मग निदानं सुरू झाली. आईचं म्हणणं, रात्रीचं दही. बायकोचं म्हणणं, सिगारेट. मी ती बारा वर्षांपूर्वी सोडली. "तेच आता बाहेर पडतंय," ती म्हणाली. मेव्हणा बाणेरला राहतो, त्याच्या मते दोष कोथरूडच्या हवेचा, कारण तुमच्याकडे सगळ्या जुन्या इमारती पाडतायत. बाणेरला पाडायला काही नसतं, तिथे नुसतं बांधतात. ती धूळ बहुधा वेगळ्या दर्जाची असते. समोरच्या वहिनींनी मात्र खोकला ऐकताच दार उघडून एकच शब्द उच्चारला: "कबुतरं!"

वहिनींचं अगदीच चुकीचं नव्हतं. कबुतरांच्या विष्ठेतले आणि पिसांतले कण वर्षानुवर्षं श्वासात गेले की काही लोकांच्या फुफ्फुसांना सूज येते, खोकला येतो, दम लागतो, हे डॉक्टरही सांगतात. पण वहिनींची लढाई माझ्या खोकल्याच्या कितीतरी आधीची होती. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ गच्चीत रोज ज्वारी टाकतात, आणि त्यांच्याविरुद्ध वहिनींचे तीन अर्ज कमिटीच्या फायलीत पडून आहेत. चौथ्या अर्जासोबत त्यांनी मला जोडलं. बैठकीत त्या "हे बघा" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. सगळे बघायला लागले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मनापासून प्रयत्न करूनही, मला खोकला येईना.

एकूण पाहता, ज्याचा ज्याच्यावर जुना राग होता त्याच्या नावावर माझा खोकला लावला जात होता. माझाही होताच. मी ऑफिसच्या एसीवर लावला.

आणि गंमत अशी की कुठलंही नाव घ्या, पुरावा मिळायचा. एसीतून उन्हात आलं की ढास. मिरचीची फोडणी बसली की ढास. उदबत्ती, अत्तर, फोनवर जरा लांबलेलं बोलणं, पोट धरून हसणं, सगळ्यांनी ढास. आई जेवताना ठसका लागला की "कुणीतरी आठवण काढतंय" म्हणायची. त्या हिशेबाने चार महिने अख्खा महाराष्ट्र माझी आठवण काढत होता. घसा एकदा चिडला की त्याला काहीही चालतं. फोडणी हे निमित्त. कारण दुसरीकडेच पाय पसरून बसलेलं असतं. पण घरात सगळे निमित्ताच्याच मागे लाटणं घेऊन धावत होते.

औषधं तर इतकी झाली की डायनिंग टेबलावर ताटं ठेवायला जागा राहिली नाही. सितोपलादी चूर्ण मधातून, अडुळसा, ज्येष्ठमधाची कांडी, तुपात परतलेला बेहडा, लवंग, खडीसाखर, हळद घातलेलं दूध, आणि मुख्य म्हणजे आईची सुंठ. आईचा सुंठीवर फार विश्वास. तिने मंडईतून अर्धा किलो सुंठ आणवली. अर्धा किलो सुंठ किती असते याची ज्यांना कल्पना नाही त्यांना सांगतो: लाडूंत घालून वाटली तर एक बाळंतीण निघते, शिवाय जिन्यात वाटायला उरते.

दोन आठवडे होऊन गेले तेव्हा फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लिहून दिली. आपल्याकडे दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबी नाही ना, हे आधी बघायचं असतं. "टीबी" हा शब्द आईने दाराआडून ऐकला आणि दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. तपासणीसाठी झाकणाची एक छोटी डबी मिळाली. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. थुंकी चालणार नाही. मी पहाटे गॅलरीत डबी घेऊन उभा राहिलो. खोकलो, खाकरलो, वाकलो, गुडघ्यांवर हात ठेवून पुन्हा खोकलो. सबंध इमारतीचे दिवे लागले. डबी कोरडी. माझ्या खोकल्याचं हेच दुखणं होतं: आवाज दुकानभर, माल काही नाही. तिसऱ्या दिवशी कसंबसं थेंबभर जमलं. रिपोर्ट स्वच्छ आला, एक्स-रेही स्वच्छ. आईने पेढे आणले, आणि त्यांच्याबरोबर सुंठ.

मग कान-नाक-घसा. नाकाच्या मागच्या बाजूने घशात पाणी झिरपत असेल तर माणूस महिनोन्महिने खोकतो, आणि नाक मात्र सभ्यपणे कोरडं राहतं. माझ्या घशामागे असं काही दिसलं नाही. मग त्यांनी कानात दुर्बीण घातली, आणि मी खोकलो. बाहेर काढली, थांबलो. पुन्हा घातली, पुन्हा खोकलो. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिसऱ्यांदाही घालून पाहिली. फुफ्फुसांकडून मेंदूला खबर देणारी जी लांबलचक व्हेगस नस असते, तिची एक बारीक फांदी कानाच्या नळीत येते. अर्नोल्ड नावाच्या जर्मन शरीररचनातज्ज्ञाचं नाव आहे तिला. त्यामुळे थोड्या लोकांना कानाला स्पर्श झाला तरी खोकला येतो. कानात घट्ट मळ बसला तर तोही खोकवत ठेवू शकतो. माझ्या कानातून जो मळ निघाला त्याचं वर्णन मी इथे करणार नाही. बायको चार दिवस करत होती. आता तुला मी सांगितलेलं ऐकू तरी येईल, असा त्याचा समारोप असे. खोकला होता तसाच राहिला.

दिवाळीत आठ आठवडे पूर्ण झाले. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या पुढे गेला की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. मला उगाचच बढती मिळाल्यासारखं वाटलं, आणि मी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे एका यंत्रात फुंकायचं होतं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर एक किरकोळ अंगाची मुलगी, जिचा आवाज कबड्डीच्या मैदानावर शोभला असता. "जोरात! फुंका फुंका फुंका फुंका, सोडू नका काका, अजून, अजून, अजून आहे!" माझ्यात काहीच उरलं नव्हतं, पण तिचा विश्वास पाहून मी कुठून तरी आणखी दोन सेकंद आणले. असं तीन वेळा. घरघर नाही, दम नाही, नुसता खोकला, असाही दमा असतो म्हणे. पण माझा आलेख उत्तम निघाला.

"मग पित्त बघू," डॉक्टर म्हणाले. छातीत जळजळ न होताही आम्ल वर येऊन घसा चाळवू शकतं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच. मुलाची बारावीची गाइडं पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली. दोन-दोन पलंगाच्या पायांखाली सारली. परिणाम एवढाच की रात्री उशाशी झोपलेला मी साडेपाचला पायथ्याशी गोळा होऊन खोकत असे. वर यायचा तो मी.

याच काळात मी टिळक स्मारक मंदिरात गाण्याला गेलो. जायला नको होतं, पण तिकीट काढलेलं होतं, आणि तिकीट काढलेलं असताना घरी बसणं आमच्या रक्तात नाही. विलंबित एकताल, अगदी संथ. एक आवर्तन म्हणजे जवळपास मिनिटभर. खिशातली खोकल्याची गोळी सोडवायला गेलो तर कागद असा चुरचुरला की पुढच्या तीन रांगांनी मागे पाहिलं. मी गोळी कागदासकट तोंडात टाकली. दहावी मात्रा, अकरावी, मोरपीस फिरायला लागलं, बारावी, आणि समेवर माझी उबळ फुटली. इतकी चोख की शेजारच्या आजोबांनी डोळे मिटूनच मान डोलावली. पुढच्या आवर्तनाला मी पायऱ्यांवर होतो.

छातीच्या डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला गेलो तर ते म्हणाले, "घरात जी औषधं घेताय ती सगळी पिशवीत घालून आणा." मी आणली. त्यांनी एकेक टेबलावर मांडलं. काढे, चाटणं, सिरपच्या चार बाटल्या, सुंठीचा डबा. तळाशी एक अर्धी संपलेली पट्टी होती.

"ही काय?"

"ती काही नाही. रोजची आहे. बीपीची."

"कधीपासून?"

ऑगस्टमध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब वर निघाला होता, तेव्हापासून. "आणि खोकला?" सप्टेंबरपासून. डॉक्टरांनी पट्टी उलटी करून नाव वाचलं, रॅमिप्रिल, आणि चष्मा काढून ठेवला. या जातीच्या गोळ्यांनी शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं एक रसायन नेहमीच्या वेगाने मोडत नाही. ते साठतं, आणि काहींच्या श्वासनलिकेतल्या नसा हुळहुळ्या होतात. गोळी उत्तमच, लाखो लोक घेतात, पण दहातल्या एखाद्याला असा कोरडा खोकला लागतो; कुणाला लगेच, कुणाला काही महिन्यांनी. आणि तीन डॉक्टरांनी मला विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का? तिघांनाही मी छातीठोकपणे नाही म्हणालो होतो. औषध म्हणजे दुखण्यावर घेतात ते. ही तर चहाबरोबर असते. चार महिने रोज सकाळी मी खोकल्याची गोळी घेऊन वर खोकल्याचा काढा पीत होतो.

"मनाने बंद करायची नाही, बदलून देतो," असं बजावून त्यांनी दुसऱ्या जातीची, टेल्मिसार्टन, लिहून दिली. खोकला आठवड्यात निम्मा झाला आणि तिसऱ्या आठवड्यात गेला.

श्रेयासाठी रांग लागली. बायको म्हणाली, कान साफ झाले म्हणून. मेव्हणा म्हणाला, समोरची इमारत पाडून झाली म्हणून. गच्चीतली ज्वारी त्याच सुमारास बंद झाली होती, त्यामुळे वहिनींशी तर बोलायची सोयच नव्हती. आईला मी फार खुशीत सांगितलं, "आई, सुंठीवाचून खोकला गेला तो असा!" ती काहीच बोलली नाही. फडताळातून डबा काढला, उरलेली सुंठ मला दाखवली, पाव किलोही नव्हती, आणि झाकण जरा जोरात लावलं.

दोन दिवसांनी सकाळी बेल वाजली. दारात काका, स्वेटर, कानटोपी.

"तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. खोकला गेला काका, पूर्ण गेला."

"हो, तेच," काका म्हणाले. चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. "अहो, तुमच्या साडेपाचच्या उबळीवर मी थायरॉइडची गोळी घेतो. काल राहिली. आज पण राहिली."