ताईच्या गालावरचे वांग मोबाईलमुळे आलेले नाहीत

दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, पण वाचा.

ताईने बाटलीचा फोटो पाठवला. बोटभर बाटली, किंमत 1,450 रुपये. वर लिहिलंय, मोबाईल आणि कॉम्प्युटरच्या निळ्या प्रकाशापासून चेहऱ्याचं रक्षण. दुकानातल्या मुलीने तिच्या गालांकडे बघून विचारलं म्हणे, "मॅडम, स्क्रीनवर काम असतं का?" ताई सांगलीत एका पतसंस्थेत आहे, दिवसभर कॉम्प्युटरच. ती हो म्हणाली आणि बाटली घेऊन घरी आली. तिच्या पगारात 1,450 रुपये म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

ताईला वांग आले ते धाकट्याच्या वेळी, सातव्या महिन्यात. तो आता दहावीत आहे. तेव्हा तिच्याकडे बटणांचा फोन होता आणि ती नोकरीलाही लागली नव्हती. गरोदरपणात हार्मोन्स बदलतात, कित्येक बायकांना तेव्हाच वांग येतात. काहींना गर्भनिरोधक गोळ्यांनी येतात, काहींच्या घराण्यातच असतात. आमच्या आईलाही होते. आणि एकदा आले की ऊन त्यांना जाऊ देत नाही.

ऊन! त्याचं नाव कुणी काढत नाही, कारण उन्हात बाईला कोण पाठवतं ते मग बोलावं लागेल.

दर एप्रिलला ताई सासरच्या गच्चीवर असते. कुरडया, सांडगे, पापड, वर्षाची हळद-मिरची. सांगलीचं ऊन, डोक्यावर फक्त पदर. नोकरी लागल्यावर रविवारी गच्ची, आणि एरवी भर बाराला स्कूटीवरून बँकेत भरणा. आणि त्याच घरात तिला ऐकवतात, "सारखं मोबाईलमध्ये तोंड, म्हणून तोंड काळं पडलं." मागच्या महिन्यात एका बारशात चार बायकांदेखत ऐकवलं. त्या कुरडया खाताना कुणाला तिचे गाल आठवले नाहीत.

निळा प्रकाश निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर तो डाग गडद करतो, मान्य. पण तो उन्हातला. ऊन म्हणजे फक्त अतिनील किरण नव्हेत. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही त्यात असतो, आणि त्यातला साधारण 400 ते 500 नॅनोमीटरचा पट्टा हाच तो निळा प्रकाश. तो बदाबदा येतो सूर्याकडून, स्क्रीनमधून येतो अगदी किरकोळ. निव्हिया बनवणाऱ्या बायर्सडॉर्फ कंपनीनेच सांगितलंय की आठवडाभर अखंड स्क्रीनसमोर, 30 सेंटीमीटरवर बसलात तरी ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या एका मिनिटाइतकं होतं. हॅम्बुर्गच्या! आमची ताई सांगलीच्या गच्चीवर तासन्‌तास बसते.

रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघितला की झोप उडते, हे खरं आहे आणि ताईही बघते. पण दिवसभर राबून रात्री अकराला तिला स्वतःची म्हणून तेवढाच वेळ मिळतो. त्यावर मला आज बोलायचं नाही.

मला राग याचा येतो की तिच्या उपयोगाची गोष्ट तिला कुणीच सांगितली नाही. वांगांसाठी साधं पांढरं सनस्क्रीन पुरत नाही, कारण दिसणारा प्रकाश त्यातून बराचसा आत येतो. आयर्न ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं, आणि ते दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं. रुंद काठाची टोपी लागते, छत्री लागते. भरणा सकाळी दहाला करता आला तर तो करायचा. खिडकीशेजारी टेबल असेल तर पडदा ओढायचा, कारण दिसणारा प्रकाश आणि यूव्हीए नावाचे अतिनील किरण काचेतून येतात.

आणि ती "गोरं करणारी" मलमं! बाटलीआधी ताईने मेडिकलमधून तेही आणून लावलं होतं, शेजारणीच्या सांगण्यावरून. महिनाभर चेहरा उजळला, सोडल्यावर लाल झाला, आग आग. त्यात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा केंद्र सरकारचा नियम 2018 चा आहे. ताईला कुणी चिठ्ठी विचारली नाही.

लिहिता लिहिता ताईच्या सासूबाई डोळ्यांपुढे आल्या. त्यांच्याही दोन्ही गालांवर तसेच डाग आहेत, ताईपेक्षा गडद. चाळीस वर्षं त्याच गच्चीवर त्याही बसल्यात. त्यांना तर त्यांच्या वेळी पाप, नजर, पित्त, काय काय ऐकवलं असेल. त्यांच्यावर चिडून लिहायला बसले होते, आता तेवढा राग राहिला नाहीये. पण बारशातलं बोलणं मी विसरणार नाही.

ताईला मी सांगितलंय, बाटली उघडली नसेल तर परत कर. दुकानदाराने नाही घेतली तर मी येते. पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेतेय, आणि जमलं तर सासूबाईंनाही. सांगली-मिरजेत घाई न करता ऐकून घेणारे त्वचारोगतज्ज्ञ कुणाला माहीत असतील तर मला मेसेज करा. "मोबाईल कमी कर" हा सल्ला मात्र कृपा करून कमेंटमध्ये नको.