कोलोन बुडालं नाही, चढत गेलं

‘सगळी जुनी शहरं जमिनीखालीच का सापडतात? महाप्रलयात चिखलाने ती एका रात्रीत गाडली गेली. खाली अख्खं शहर शाबूत आहे, तज्ज्ञ ते दडवतात, आणि वर राहणाऱ्यांना याचा पत्ताच नाही.’ या आशयाचे व्हिडिओ सारखे फिरत असतात. मागे गंभीर संगीत, पुढे लाल बाण. युरोपातल्या रोमन शहरांची नावं त्यात हमखास येतात, म्हणून त्यातलंच एक घेऊ : जर्मनीतलं कोलोन.

ताप आला की आईने कपाळावर ठेवलेली कोलनवॉटरची पट्टी आठवत असेल, तर या शहराचं रोमन नाव तुमच्याही घरात येऊन गेलंय. सम्राट क्लॉडियसची बायको अग्रिपिना इथे जन्मली होती. इ.स. 50 मध्ये तिच्या जन्मगावाला ‘कोलोनिया’चा, म्हणजे रोमन नागरिकांच्या वसाहतीचा, दर्जा मिळाला. पूर्ण नाव कोलोनिया क्लॉडिया आरा अग्रिपिनेन्सियम. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? कोलोनिया तेवढं उरलं, त्याचं जर्मन लोकांनी क्योल्न केलं आणि फ्रेंचांनी कोलोन. शहर विस्मरणात गेलं असतं तर हे नाव दोन हजार वर्षं तोंडोतोंडी आलंच नसतं. आजची गर्दीची बाजारपेठ, होहं श्ट्रासं, ही रोमन शहराच्या मुख्य उत्तर-दक्षिण रस्त्यावरच आहे. पत्ता नसलेल्यांनी रस्ता मात्र बरोबर त्याच जागी ठेवला!

आता तो चिखल. रोमन थर आजच्या रस्त्याच्या काही मीटर खाली आहे, हे खरंच. पण ज्यांच्या गावात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द अजून चालतात, त्यांना हे कोडं पडायला नको. काळीत पीक, पांढरीत वस्ती. आणि वस्तीची जमीन चढत जाते. मातीची भिंत पडते, ती सपाट करून त्यावर नवी उभी राहते. राख, हाडं, खापरं, शेण, जळलेली लाकडं तिथंच पसरतात. कोलोनमध्येही लाकडी सांगाडा आणि मातीचा गिलावा असलेली घरं होती, ती जळायची, पडायची, परत उभी राहायची. शंका असेल तर आपल्या शहरातला एखादा जुना वाडा बघा. उंबरा चढायला पायऱ्या होत्या. डांबरावर डांबर चढत गेलं आणि आता घरात शिरताना खाली उतरावं लागतं. त्याला प्रलय लागला नाही, नगरपालिका पुरली.

एका रात्रीत चिखल आला असता तर खणताना एकच जाड, एकसारखा थर लागला असता. 1953 मध्ये नव्या नगरभवनाच्या पायासाठी खणताना रोमन सुभेदाराचा प्रासाद, प्रिटोरियम, सापडला. तिथे भिंतीवर भिंत, तिच्यावर पुन्हा भिंत अशी पहिल्या ते चौथ्या शतकापर्यंतची बांधकामं आहेत. शिवाय शहराची तटबंदी, जवळजवळ चार किलोमीटर लांबीची, पहिल्या शतकात बांधलेली. तिच्या आतच मध्ययुगातलं शहर नांदलं. 1106 मध्ये त्याला बाहेर हातपाय पसरावे लागले आणि 1180 पासून नवा मोठा तट उभा राहिला. म्हणजे रोमन तटाने हजार वर्षं चाकरी केली. त्याचा एक नक्षीदार बुरूज आजही रस्त्याकडेला उभा आहे, आणि तो वाचण्याचं श्रेय जातं ख्रिस्ती जोगिणींच्या मठाला. त्यांनी तो शौचकूप म्हणून वापरला. प्रलयात गाडलेल्या बुरुजाचा असा उपयोग करता येत नाही.

खरा गाळ मात्र कोलोनमध्ये एका जागी आहे. शहर आणि ऱ्हाईनमधलं एक बेट यांच्यामध्ये नदीचा फाटा होता, तेच रोमन बंदर. ते गाळाने आणि भरावाने भरत गेलं; आजचे आल्टर मार्क्ट आणि हॉयमार्क्ट हे चौक त्याच्यावर आहेत. भुयारी रेल्वेसाठी खणताना तिथल्या ओल्या मातीत लाकूड टिकलेलं मिळालं, सपाट बुडाच्या नावेचे अवशेषसुद्धा. पण हा गाळ नदीच्या फाट्यापुरता आहे.

‘शाबूत शहर’ ही तर निव्वळ कल्पना. दगड सोन्याच्या मोलाचे होते, लोकांनी ते उपसून नेले. आयफेल डोंगरातून पाणी आणणारा रोमन कालवा सुमारे 95 किलोमीटर लांब होता. त्यात साचलेला चुनखडीचा थरसुद्धा मध्ययुगात कापून, घासून चर्चच्या खांबांना संगमरवरासारखा वापरला गेला. इतकं निगुतीने ओरबाडलेलं शहर खाली अख्खं कसं असेल?

राहिला ‘दडवतात’ हा आरोप. 1941 मध्ये कथीड्रलशेजारी बॉम्बपासून बचावाचं तळघर खणताना डायोनिसस या मद्यदेवतेची भव्य मोझॅक फरशी निघाली. ती होती तिथेच ठेवून तिच्यावर संग्रहालय बांधलं, ते 1974 मध्ये उघडलं. 2019 मध्ये ती इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली, तेव्हा संग्रह दुसऱ्या इमारतीत मांडला गेला. बंद दाराचा फोटो टाकून ‘बघा, कुलूप लावलं’ म्हणणाऱ्यांनी त्या दुसऱ्या इमारतीचा पत्ता बघितला नसावा. कथीड्रलशेजारच्या चौकाखालच्या पार्किंगमध्ये तर रोमन तटाचा तुकडा गाड्यांच्या मधोमध उभा आहे. माझी तक्रार उलटी आहे : ते पार्किंग बांधताना रोमन शहराचा केवढा भाग कायमचा गेला, त्यावर कुणी व्हिडिओ करत नाही.

आणि तज्ज्ञ एकदा बोलले की हटत नाहीत, असंही म्हणतात. 2017 मध्ये शहराच्या मध्यभागी चर्चच्या नव्या इमारतीसाठी खणताना जाड रोमन भिंती लागल्या, आतून छोटे छोटे कोनाडे. आधी वाटलं, मूर्तींसाठी असतील. पण मूर्तीच्या मानाने ते फारच लहान. मग आजच्या तुर्कीतल्या एफेसस या प्राचीन शहरातल्या ग्रंथालयाशी ताडून पाहिल्यावर लक्षात आलं, गुंडाळ्यांची पुस्तकं ठेवायची ती फडताळं होती. दुसऱ्या शतकातलं ग्रंथालय, जर्मनीतलं माहीत असलेलं सर्वांत जुनं. इमारतीचा आराखडा बदलून त्यातले काही कोनाडे जागेवरच राखले. ते आता तिच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बघायला मिळतात.