‘आधी खेळू दे, शिक्षणाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

महिला फुटबॉलपटूंवरचा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं सार असं : मुलींच्या फुटबॉलमध्ये आता कोट्यवधी आहेत, तेव्हा व्यावसायिक करार झालेल्या मुलीला अभ्यास, कोर्स, ‘दुसरं करिअर’ असल्या फंदात पाडू नका, लक्ष उडतं. निवृत्तीनंतर कोचिंग नाहीतर टीव्ही आहेच. मूल झालं की तसंही सगळं संपतं. आणि तयारी करायचीच तर निवृत्ती जवळ आल्यावर करावी. एरवी वाचून सोडून दिला असता. पण नुकताच पहिला करार झालेल्या माझ्या भाचीनं हा मेसेज वाचून पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्मच भरायचा नाही असं ठरवलंय, म्हणून हा खटाटोप.

पैशांचं आधी. मेसेजमध्ये अमेरिकन खेळाडू नेओमी गिर्माचं उदाहरण दिलंय : जानेवारी २०२५ मध्ये चेल्सी या इंग्लंडमधल्या क्लबनं तिच्यासाठी ११ लाख डॉलर मोजले. मोजले, बरोबर. पण ती ट्रान्स्फर फी होती. ती आधीच्या क्लबला मिळते, खेळाडूच्या पगारात धरायची नसते. शिवाय जिचं नाव पुढे करून शिक्षण सोडायला सांगताय, तिच्याकडे स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी आहे! फिफानं जगभरच्या क्लबांकडून माहिती घेऊन काढलेला खेळाडूंचा सरासरी पगार वर्षाला सुमारे १०,९०० डॉलर होता. सगळ्यात वरच्या गटातल्या क्लबांचा वेगळा काढला तरी तो २४,००० च्या आसपास. मोजक्या क्लबांत आता खरोखर चांगला पैसा येऊ लागलाय, एवढं मान्य. बाकीच्यांची त्यातून पुढच्या तीस वर्षांची सोय होत नाही.

आता ‘लक्ष उडतं’. सगळ्यात जास्त नुकसान हेच वाक्य करतं, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. डेव्हिड लॅव्हॅली या संशोधकानं ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक रग्बी लीग खेळाडूंची तीन मोसमांची नोंद तपासली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, निवृत्तीनंतरच्या आयुष्याची आखणी करणाऱ्या खेळाडूंची संघात निवड होण्याचं आणि जास्त काळ टिकण्याचं प्रमाण चांगलं दिसलं. ते पुरुष होते, खेळही वेगळा, आणि आखणीमुळेच खेळ सुधारला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण आखणीनं खेळ बिघडतो म्हणणाऱ्यांनी निदान एवढा तरी पुरावा आणावा.

खेळ बिघडतो तो अभ्यास चुकीच्या मापानं घेतल्यावर. पूर्ण वेळ कोर्स, हजेरी सक्तीची, प्रयोगशाळेचे तास सरावाच्याच वेळेत आणि परीक्षा नेमकी मोसमाच्या शेवटच्या पंधरवड्यात. यात कुणीही कोलमडेल. मेसेजमधलं अर्धसत्य काय ते इथेच आहे. त्यावर उपाय पदवी सोडणं नाही, पदवी लांबवणं आहे. एका सत्रात एक, फार तर दोन विषय. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत झाली तरी बिघडत नाही. आठवड्याला सहा ते आठ तास पुरतात : सराव, जिम, व्हिडिओ आणि फिजिओ आटोपल्यावर दुपारी दीड-दोन तास, आठवड्यातून चारदा. सामन्याच्या दिवशी आणि आदल्या दिवशी पुस्तक बंद. प्रवासात फक्त वाचन. बसमध्ये असाइनमेंट लिहायला घेतली की ना ती धड होते, ना झोप.

प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारायचं : हजेरीत सवलत मिळते का, सामना आला तर परीक्षेची दुसरी तारीख मिळते का, नोंदणी एक वर्ष थांबवता येते का, दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेल्यास परीक्षा तिथून देता येते का. चारपैकी दोन उत्तरं ‘नाही’ आली तर दुसरा कोर्स शोधायचा.

करारावर सही करण्याआधीही तसंच. क्लबच्या परवानगीशिवाय दुसरं काम करू नये, असं कलम बऱ्याच करारांत असतं. अभ्यास आणि इंटर्नशिप त्यातून नावानिशी वगळून घ्या. परीक्षेच्या दिवसांची रजा आणि फीमधला क्लबचा वाटा कागदावर आणा. ‘आपण बघू की’ म्हणणारा प्रशिक्षक मोसमाच्या मध्यात बदलतो आणि त्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो.

‘कोचिंग आहेच’ म्हणणाऱ्यांनी २०२३ चा महिला विश्वचषक आठवावा. ३२ संघांपैकी १२ संघांच्या मुख्य प्रशिक्षक महिला होत्या. महिलांच्याच स्पर्धेत! जागा कमी, आणि प्रशिक्षकाचं लायसन्स एका उन्हाळ्यात मिळत नाही. युरोपात सी, बी, ए, प्रो अशी चढण आहे, आणि वर जायचं तर प्रत्यक्ष संघ हाताळल्याचा अनुभव दाखवावा लागतो. तो मिळवायची सोपी जागा म्हणजे आपल्याच क्लबचा चौदा-पंधरा वर्षांखालचा संघ, आणि तो खेळत असतानाच हाताशी असतो. नामांकित प्रशिक्षक सरिना विगमन स्वतः खेळत असताना शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होत्या, हेही ध्यानात ठेवा. टीव्हीवर जागा किती असतात, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

मूल झालं की संपतं? जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमानुसार किमान १४ आठवड्यांची रजा आहे, त्यातले किमान ८ प्रसूतीनंतरचे, आणि पगार किमान दोन-तृतीयांश. आइसलँडची खेळाडू सारा ब्यॉर्क गुन्नार्सडॉटिरनं थकलेल्या पगारासाठी लिऑन या आपल्या फ्रेंच क्लबविरुद्ध याच नियमावर दाद मागून ती जिंकली. पुढचा मुद्दा.

‘निवृत्ती जवळ आली की’ म्हणजे कधी? पुष्कळींचे करार एक-दोन मोसमांचे असतात. प्रायोजक गेला की क्लब आधी महिला संघावर कात्री चालवतो. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटलं की परतायला नऊ महिने ते वर्ष, आणि ही दुखापत महिला खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वेदना आणि अर्धवट झोप असते, तेव्हा परीक्षा ठेवायची नाही. कुबड्या सुटल्या की मात्र दिवसाचं वेळापत्रक ठरून जातं, आणि दोनाऐवजी तीन विषय झेपतात. अट एकच, नोंदणी आधीपासून चालू हवी. नवा प्रवेश घ्यायला निघालात तर तारीख हमखास उलटून गेलेली असते.

मोसमांच्या मधल्या सुट्टीत पहिले दोन आठवडे नुसती विश्रांती. नंतर दोन आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम : फिजिओचा दवाखाना, क्लबचं तिकीट खातं, नाहीतर जर्सीवर ज्यांचं नाव आहे त्या प्रायोजकाचं ऑफिस. निघताना तिथल्या वरिष्ठांकडून पत्र घ्यायचं, आणि त्यात ‘मेहनती, संघभावना असलेली’ असं मोघम नको, काय काम केलं ते हवं. ही विचारणा करारावर असतानाच करायची. आज त्या प्रायोजकाला सामन्यानंतर तुमच्याबरोबर फोटो हवा असतो, त्यामुळे ईमेलला उत्तर येतं. जर्सी उतरवून वर्ष झाल्यावर तोच ईमेल शेकडो अर्जांच्या खाली जाऊन पडतो.